दवंडी गल्लीतच थांबायची

चौसाळ्यात राहणाऱ्या माझ्या मामूंनी परवा सोयाबीनचा भाव बघायला फोन उघडला. भावाच्या आधी रमीचा खेळ आला. तो घालवायला कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवले, तर तिसरेच पान उघडले आणि त्यावर 'डाउनलोड' लिहिलेले भलेमोठे हिरवे बटण. मामूंनी फोन माझ्यापुढे धरला. "भाव रहने दे, पैले ये बंद कर."

बंद कसे करायचे हे सांगण्याआधी ते आत कसे शिरले हे पाहायला हवे.

गावाला जाहिरात नवी नाही. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा आणि नंतरही अनेक वर्षे गावाला खबर मिळायची ती दवंडीने. हलगी वाजली की लोक दारात यायचे, ऐकायचे आणि आत जायचे. पुढे भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती आल्या, सिनेमाची भोंगा लावलेली गाडी आली, सोलापूर–धुळे महामार्गावर फलक आले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. त्या गल्लीत, रस्त्यावर थांबत. कोणी ऐकले, कोण किती वेळ उभा राहिला, त्याच्या घरात काय चालले आहे, याची वही दवंडीवाला ठेवत नसे.

दाराचा हा नियम आपल्याला ओळखीचा आहे. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, परत जा म्हटले तर परत जावे, ही सूरह नूरची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इंटरनेटवरच्या जाहिरातीचा इतिहास म्हणजे हा नियम हळूहळू मोडत गेल्याचा इतिहास आहे.

सुरुवात साधी होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर बॅनर जाहिराती झळकल्या. पानावर एक पट्टी, इतकेच. काही वर्षांनी 'ट्रायपॉड' या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली आणि कंपनी नाराज झाली. तोडगा म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडू लागली. ही 'पॉप-अप' खिडकी उघडणारा कोड लिहिणारे इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये लेख लिहून जाहीर माफी मागितली. पण त्यांची खरी खंत खिडकीपेक्षा मोठी होती. सगळे फुकट द्यायचे आणि त्या बदल्यात माणसावर नजर ठेवायची, हा धंदाच मुळात चुकला, असे त्यांचे म्हणणे होते.

ती नजर कुठवर पोहोचते हे मुसलमानांना २०२० मध्ये कळले. नमाजची वेळ आणि किब्ला दाखवायला ॲपला आपले ठिकाण कळावे लागते, म्हणून आपण विश्वासाने परवानगी देतो. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी प्रकाशनाने बातमी दिली की कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या 'मुस्लिम प्रो' ॲपमधून ही माहिती 'एक्स-मोड' नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराची कामे घेणारे कंत्राटदार होते. बातमीनंतर मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दलाल कंपनीला लोकांच्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. प्रार्थनास्थळे त्यात येतात.

मग कायदा काय करतो? आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण आहे. दैवी यंत्रे विकणाऱ्या टीव्ही जाहिरातींविरुद्ध एक शिक्षक २०१५ मध्ये औरंगाबाद खंडपीठात गेले. चमत्काराचा दावा करून अशा वस्तूंची जाहिरात करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदा आहे, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. कायदा हवाच, पण त्याला वर्षे लागतात. तोवर आपल्या दाराला कडी आपणच लावायची असते.

कडीचाही इतिहास आहे, आणि निवड करताना तो उपयोगी पडतो. २००२ मध्ये हेन्रिक सोरेन्सन या डेन्मार्कच्या विद्यार्थ्याने 'ॲडब्लॉक' बनवले. २००६ मध्ये व्लादिमीर पालांत यांचे 'ॲडब्लॉक प्लस' आले. २०११ पासून त्यात 'स्वीकारार्ह जाहिराती' आपोआप दिसू लागल्या. त्या यादीतल्या मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले जातात, हे त्यामागची कंपनी स्वतःच सांगते. म्हणजे दरवानाचा पगार पाहुणे देऊ लागले! २०१४ मध्ये कॅनडाच्या रेमंड हिल यांनी 'यूब्लॉक' लिहिले; त्यांचे आजचे 'यूब्लॉक ओरिजिन' देणगीसुद्धा घेत नाही. उलट २०१८ मध्ये क्रोमच्या दुकानात पाच नकली ब्लॉकर सापडले. ते २ कोटींहून अधिक लोकांनी घेतले होते. चोर दरवानाच्या कपड्यात आला होता.

म्हणून साधन घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: याचा खर्च कोण चालवते? याचा कोड सर्वांना पाहता येतो का? कामापेक्षा जास्त परवानगी ते मागते का? 'जाहिराती बंद करतो' म्हणणारे अनोळखी फुकट व्हीपीएन ॲप पहिल्याच प्रश्नात नापास होते.

माझे उत्तर असे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते. ॲपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे ॲडगार्डसारख्या सेवेचा पत्ता भरला की जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता विचारणाऱ्या ॲपला रिकाम्या हाताने परतावे लागते. मात्र आपण कोणती संकेतस्थळे उघडतो हे त्या सेवेला कळते, हे माहीत असू द्या. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच वाटेने येतात.

आणखी एक गोष्ट, न्यायाची. जाहिरातीवर चालणारी मराठी वर्तमानपत्रे आहेत, छोटी संकेतस्थळे आहेत. जे पानाच्या कडेला शांतपणे जाहिरात लावतात, त्यांच्यासाठी ब्लॉकर बंद ठेवता येतो. मी ठेवतो. सलाम करून आलेल्याला दारातून परत पाठवायचे कारण नाही.

मामूंच्या फोनमध्ये हे सगळे करायला पंधरा मिनिटे लागली. पान उघडले, रमी आली नाही, भाव दिसला. तो बघून मामू काही खूश झाले नाहीत; पण तो दोष जाहिरातीचा नव्हता.