दोशी : एका आडनावाचा व एका पूर्वजाचा मागोवा

आडनाव हा कुळाचा संक्षिप्त इतिहासच असतो. मराठी कानाला ‘दोशी’ हे आडनाव ‘दोषी’सारखे ऐकू येते व शाळेत मुलांची थट्टा होते. वस्तुतः या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र. वस्त्र विकणारा तो ‘दौष्यिक’. प्राकृतात त्याचे ‘दोसिय’ झाले आणि गुजरातीतून ‘दोशी’ या रूपाने ते आपल्यापर्यंत आले. ‘प्रज्ञापना’ या आगमात व्यवसायावरून आर्य गणलेल्यांच्या यादीत दोसियांचा उल्लेख आहे. शत्रुंजयाचा विक्रम संवत १५८७ (इ. स. १५३१) मधील प्रसिद्ध जीर्णोद्धार करविणारे चितोडचे कर्माशाह हेदेखील दोशी, म्हणजे कापडाचेच व्यापारी. इतवारीच्या बाजारात आयुष्यभर गज हाती धरलेल्या माझ्यासारख्यास याचे समाधान वाटावे, हे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रातील दोशी घराण्यांत सोलापूरचे घराणे सर्वपरिचित आहे. काठियावाडातील वांकानेरहून हे कुटुंब प्रथम फलटणला व पुढे सोलापूरला स्थायिक झाले. सोलापूरला १८६० साली रेल्वे आली, १८७७ च्या सुमारास गिरणी सुरू झाली आणि कापूस व कापड यांचा व्यापार भरभराटीस आला. या कुळात शेठ हिराचंद नेमचंद झाले. उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे त्यांचे चिरंजीव. पिता-पुत्र दोघेही जगाला आडनावावाचून ठाऊक आहेत. आपल्या पेढ्यांच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावल्याने तीन पिढ्यांची साखळी या दोन नावांतच आली आहे.

हिराचंदांनी १८८४ साली ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले. धर्मग्रंथ छापण्यास तेव्हा मोठा विरोध होता, तरी त्यांनी मुद्रणाचा पुरस्कार केला. याच काळात मुंबईचे शेठ माणिकचंद मूडबिद्रीच्या यात्रेस गेले असता त्यांनी धवला-जयधवला या सिद्धान्तग्रंथांच्या जीर्ण ताडपत्री पोथ्या पाहिल्या व हिराचंदांना कळविले. हिराचंद स्वतः तेथे गेले. पोथ्या नष्ट झाल्या तर मूळ ग्रंथच नाहीसा होणार, हे त्यांनी ओळखले. निधी जमवून १८९६ साली नक्कल करण्याचे काम सुरू झाले. षट्खंडागमाचा पहिला भाग धवला टीकेसह १९३९ साली आपल्या विदर्भातच, अमरावतीहून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला. व्यापारी पूर्वजाने पेरलेले असे पंडिताच्या हातून फळास आले.

पूर्वजांचा शोध घेण्याची साधने आपल्याही घरी असतात. पेढीच्या जुन्या वह्या, विवाहपत्रिका, मूर्तींच्या पीठावरील लेख व पोथ्यांच्या शेवटी लिहिलेल्या प्रशस्ती यांत दात्याचे नाव, ज्ञाती, गाव व संवत नोंदलेले असते. नागपूरचे डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी अशाच लेखांच्या व प्रशस्तींच्या आधारे ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) हा ग्रंथ सिद्ध केला. तो सोलापूरहूनच प्रसिद्ध झाला.

धंतोलीतील अनेक घरे आता सदनिकांत रूपांतरित झाली आहेत. घर बदलताना जुन्या वह्या प्रथम रद्दीत जातात. त्या देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांसह एकदा तरी वाचाव्यात, आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव व व्यवसाय लिहून ठेवावेत, ही नम्र विनंती. आपल्या आडनावाचा अर्थ ठाऊक असलेल्या मुलास थट्टेचे भय उरत नाही.