अमेरिकी काळे अस्वल : शिकारीतील नेम व वर्मस्थान

उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाच्या शिकारीत गोळी वा बाण नेमका कोठे लागावा, याविषयीचे तेथील शिकाऱ्यांचे ज्ञान आणि संकेत. या अस्वलाचे शास्त्रीय नाव उर्सस अमेरिकॅनस. नाव काळे असले तरी पश्चिमेकडे ते तपकिरी, दालचिनी रंगाचे किंवा भुरकटही आढळते. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत आणि अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत परवाना काढून ठरावीक हंगामात त्याची शिकार करता येते. भारतातील अस्वलांशी या नोंदीचा संबंध नाही. मेळघाट किंवा ताडोबाच्या रानातले अस्वल निराळ्या प्रजातीचे असून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची शिकार हा गुन्हा आहे.

हा विषय हरणाच्या शिकारीपेक्षा वेगळा मांडावा लागतो, कारण अस्वलाची बाह्याकृती फसवी असते. घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाचा खांदा कोठे संपतो हे जसे कळत नाही, तसेच येथेही होते. छातीखाली लोंबणाऱ्या लांब केसांमुळे शरीराची खालची कड असते त्याहून खाली दिसते. शरद ऋतूत पाठीवर आणि पुठ्ठ्यावर चरबीचा जाड थर चढतो, त्यामुळे वरची कडही उंच भासते. हरणाच्या अंगावर खांद्याची रेघ उन्हात स्पष्ट दिसते. अस्वलाच्या काळ्या केसांवर तशी रेघ उमटत नाही, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात तर सारा प्राणी एक काळा गोळा होऊन जातो. हरणावर हात बसलेला शिकारी सवयीने फार खाली नेम धरतो आणि छातीखालचे केस तेवढे कापले जातात. उलट फार वर धरला, तर गोळी कण्यावरच्या चरबीतून आरपार जाते आणि अस्वल वाचते किंवा जखमी होऊन निसटते.

खरे वर्म म्हणजे दोन्ही फुप्फुसे. हृदय त्यांच्यामध्ये, पण छातीच्या तळाशी, पुढच्या पायाच्या कोपरापासून थोड्याच उंचीवर असते. त्याचा बराचसा भाग पायाआड दडतो. फुप्फुसे हृदयाच्या वर आणि मागे पसरलेली असतात. त्यांच्या पाठीमागे श्वासपटल, मग यकृत आणि जठर. हृदयाचा हट्ट धरण्यापेक्षा फुप्फुसांवर नेम धरणे शहाणपणाचे, कारण तेथे चूक झाली तरी सावरायला जागा उरते. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली की अस्वल बहुधा काही सेकंदांतच कोसळते. एकच भेदले गेले तर ते मैलभरही जाऊ शकते.

उत्तम संधी म्हणजे अस्वल पूर्ण आडवे उभे आहे आणि अलीकडचा पुढचा पाय पुढे टाकलेला आहे. पाय पुढे गेला की खांद्याचे हाड आणि दंडाचे स्नायू बाजूला सरतात आणि बरगड्यांचा भाग उघडा पडतो. नेम खांद्याच्या मागे चार बोटे, शरीराच्या उंचीच्या मध्यावर किंवा किंचित खाली. अस्वल थोडे पाठमोरे, तिरपे असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांपुढे ठेवून तिकडे बाहेर पडेल असा मारा करतात. धनुर्धारींना ही तिरपी बाजू आडव्यापेक्षाही सोयीची वाटते. अस्वल समोरून येत असेल, पूर्ण पाठमोरे असेल किंवा अलीकडचा खांदा पुढे काढून तिरपे उभे असेल, तर थांबणे हाच नियम.

धनुर्धारींमध्ये एक वाद जुना आहे. काही जण आडव्या अस्वलावर शरीराच्या अगदी मधोमध, उंचीच्याही मध्यावर, नेम धरावा असे सांगतात. फुप्फुसे समजतात त्यापेक्षा मागे पसरलेली असतात आणि पुढे धरलेला बाण खांद्याच्या हाडात अडकतो, असा त्यांचा युक्तिवाद. हाडाबद्दलची त्यांची भीती रास्त आहे. पण मधोमधचा मारा दोन-चार इंच मागे सरकला तर तो सरळ पोटात जातो, आणि पोटात लागलेले अस्वल सापडणे कठीण. मध्यममार्ग खांद्याच्या जवळ, पण हाड टाळून, असाच निघतो.

रायफलवाल्यांची गोष्ट वेगळी. .३०-०६, .३०८ किंवा जुन्या .४५-७० या काडतुसांची चांगल्या बांधणीची गोळी खांदा फोडून आत जाते. ग्रिझली किंवा अलास्कातील तपकिरी अस्वलाबाबत अनुभवी वाटाडे खांदा मोडायला सांगतात, म्हणजे ते जागीच पडते आणि अंगावर येत नाही. काळे अस्वल त्यांच्या मानाने हलके व भित्रे असल्याने खांद्याचे मांस वाया घालवण्याचे कारण क्वचितच पडते. मात्र दाट झाडी किंवा ओढ्याचा काठ असेल, तर पळून जाऊ न देण्यासाठी खांदा धरणे समर्थनीय ठरते. बाण गोळीसारखा हाड फोडत नाही. तो रक्तस्रावाने आणि फुप्फुसे निकामी करून मारतो, म्हणून त्याला मऊ वाट हवी.

डोक्यावर मारा टाळतात. कवटी उतरती असते, मेंदू लहान असतो आणि डोके सतत हलत असते. त्याखेरीज एक कागदोपत्री कारणही आहे. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदवहीत अस्वल वजनावर नव्हे, कवटीच्या लांबी-रुंदीच्या बेरजेवर मोजले जाते, आणि फुटलेली कवटी मोजता येत नाही. पेनसिल्व्हेनियात मारलेले अस्वल २४ तासांच्या आत तपासणी केंद्रावर न्यावे लागते. तेथे वन्यजीव खात्याची माणसे सुळ्यामागचा छोटा दात उपटून घेतात. झाडाच्या खोडासारखी त्याच्या मुळाच्या आवरणात वर्षागणिक वलये पडतात, ती मोजून वय ठरते.

आमिषावर बसलेल्या शिकाऱ्याला वेळ भरपूर मिळतो आणि तो वापरायचा असतो. आमिषासाठी वापरलेला सुमारे २०० लिटरचा लोखंडी पिंप हेच त्याचे माप. पिंपाच्या काठाशी पाठ आली की अस्वल मोठे समजावे. कानही सांगतात. लहान अस्वलाचे कान डोक्यावर उभे, मोठे वाटतात. मोठ्याचे बाजूला सरलेले, बारीक दिसतात. पिल्ले पुष्कळदा झाडावर थांबलेली असतात आणि पिल्लांची आई मारणे अनेक ठिकाणी बेकायदा आहे, म्हणून पहिल्या अस्वलावर लगेच धनुष्य ताणू नये. उंच मचाणाखाली अगदी जवळ आलेल्या अस्वलावर नेम सोपा वाटतो, पण बाण वरून तीव्र कोनात शिरून एकच फुप्फुस गाठतो. मचाण फार उंच न बांधणे आणि आमिष थोडे दूर ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

मारा केल्यानंतरचा भाग शिकाऱ्याची खरी परीक्षा घेतो. चरबी जखमेचे तोंड बुजवते आणि दाट केस रक्त शोषून घेतात. त्यामुळे हरणाच्या मागे पडते तशी रक्ताची ठळक वाट येथे पडत नाही. आरपार गेलेली जखम, तीही खालच्या अंगाला, म्हणूनच महत्त्वाची. पुष्कळ अस्वले मरताना खोल, घोगरे कण्हतात आणि तो आवाज ऐकला की शोध संपल्यासारखा असतो. पण आवाज आला नाही म्हणून मारा फसला असे नव्हे. मारा चांगला वाटला तरी अर्धा तास थांबतात. पोटात लागल्याचा संशय असल्यास कित्येक तास, प्रसंगी रात्रभर. जखमी अस्वलाला लगेच उठवले तर ते दाट झुडपात शिरते, आणि तेथे अंधारात हात-दिव्याच्या उजेडात त्याच्यामागे रांगणे हे काम कोणालाच नको असते.

न्याय्य शिकारीचा प्रश्नही जुना आहे. बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ मध्ये स्थापन करणाऱ्यांत थिओडोर रूझवेल्ट होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत होल्ट कॉलिअर या नामांकित वाटाड्याने कुत्र्यांनी कोंडलेले एक अस्वल बंदुकीच्या दस्त्याने बधिर करून झाडाला बांधले आणि तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या रूझवेल्ट यांना बोलावणे धाडले. रूझवेल्ट यांनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्राने हा प्रसंग देशभर गेला आणि खेळण्यातल्या टेडी अस्वलाचा जन्म झाला. जखमी अस्वल त्यांच्याच सांगण्यावरून सुरीने मारले गेले, हा तपशील मात्र खेळण्यांच्या दुकानात कोणी सांगत नाही.

न्याय्य शिकार म्हणजे काय, हा तेव्हाचा प्रश्न आज आमिष आणि कुत्रे यांच्याभोवती फिरतो. कोलोरॅडोने १९९२, ओरेगनने १९९४ आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्ये मतदानाने दोन्हींवर बंदी आणली. मेन राज्यात मात्र २००४ आणि २०१४ अशा दोन्ही वेळा मतदारांनी बंदी फेटाळली. आमिषामुळे अस्वल स्थिर, जवळ व आडवे मिळते, नर-मादी आणि पिल्ले ओळखता येतात, असे समर्थक म्हणतात. खाण्यात गुंगलेल्या जनावराला मारण्यात शिकार कसली, असा विरोधकांचा सवाल आहे. नेमाच्या दृष्टीने पाहिले तर समर्थकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण विरोधकांचा आक्षेप मुळात नेमाबद्दल नाहीच.