कोल्हासुर ते कप्पा : असुरकथा आणि बालवाचक

नवरात्रातील ललिता पंचमीला, म्हणजे आश्विन शुद्ध पंचमीला, करवीरनिवासिनी अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडील टेंबलाई टेकडीवर जाते. तेथे त्र्यंबोली देवीच्या मंदिरासमोर कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळविण्यासाठी भाविकांची एकच झुंबड उडते. कोहळ्याच्या रूपात येथे असुराचा वध होतो, हे मोठ्यांना ठाऊक असते. वडिलांच्या खांद्यावर बसून हा सोहळा पाहणाऱ्या मुलाला मात्र तो असुर कोण, त्याने काय केले आणि त्याच्या नावाने आजही कोहळा का फोडला जातो, हे सांगणारे घरात कोणी असतेच असे नाही. जपानने आपल्या लोककथांतील राक्षस आणि भुतेखेते पुस्तकांतून, चित्रांतून मुलांपर्यंत नेली. त्या अनुभवाच्या उजेडात कोल्हापूरच्या असुरकथांकडे पुन्हा पाहण्याजोगे आहे.

नाव मागणारा असुर

करवीर माहात्म्यातील आणि लोकपरंपरेतील कथांची अनेक रूपे आढळतात. प्रचलित कथेनुसार कोल्हासुराचा पुत्र करवीर हा शंकराच्या हातून मारला गेला आणि त्याच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाऊ लागले. पुत्रवियोगाने संतापलेल्या कोल्हासुराने देवीची आराधना केली आणि तिने शंभर वर्षे हे क्षेत्र सोडून जावे, असा वर मिळविला. त्या काळात त्याने प्रजेला छळले. मुदत संपताच देवी परतली आणि तिने त्याचा वध केला. मरतेसमयी त्याने दोन गोष्टी मागितल्या : या नगरीला आपले नाव राहावे आणि दरवर्षी आपल्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावा. देवीने दोन्ही मान्य केल्या.

कोल्हापूर या नावाचा उलगडा अभ्यासकांनी अन्य प्रकारेही केला आहे. जुन्या लेखांत कोल्लापूर, क्षुल्लकपूर अशी रूपे येतात. त्यामुळे ही कथा इतिहास म्हणून सांगण्याचे कारण नाही. मात्र पराभूत शत्रूची अखेरची इच्छा पाळणारी देवी आणि असुराचे नाव अभिमानाने मिरविणारे शहर, ही कल्पना मुलांना विचार करायला लावणारी आहे.

रुसलेली त्र्यंबोली

कथेचा पुढचा भाग टेंबलाई टेकडीवर घडतो. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या प्रभावाने देवांना शेळ्यामेंढ्यांचे रूप दिले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हस्तगत करून कामाक्षाला मारले व देवांची सुटका केली. पुढे विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलावण्याचे राहून गेले. ती रागावली आणि शहराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. ललिता पंचमीची पालखी ही त्याच भेटीची आठवण होय. वर्गातील मित्राने वाढदिवसाला न बोलावल्याचा राग ज्याने अनुभवला आहे, अशा कोणत्याही मुलाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शहराच्या वायव्येस वाडी रत्नागिरीवर जोतिबाने रत्नासुर आणि रक्तभोज यांचा संहार केल्याची कथा आहे. तेथेही डोंगराच्या नावात रत्नासुराचे नाव राहिल्याचे सांगतात. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो तळ्याला पोहोचला की प्रलय होईल, ही दंतकथाही अनेक कोल्हापूरकरांनी लहानपणी ऐकलेली असते.

काकडी खाणारा कप्पा

जपानमध्ये अशा अद्भुत प्राण्यांना व भुताखेतांना ‘योकाई’ म्हणतात. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ हा तोनो परिसरातील ११९ कथा-नोंदींचा संग्रह छापला. या परंपरेतील सर्वांत परिचित प्राणी म्हणजे कप्पा. लहान मुलाएवढी उंची, पाठीवर कासवासारखे कवच आणि डोक्यावर पाण्याने भरलेली खोलगट बशी, असे त्याचे रूप आहे. तो नदीत राहतो आणि माणसांना, गुरांना पाण्यात ओढतो. परंतु तो शिष्टाचाराचा पक्का आहे. कोणी वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, बशीतील पाणी सांडते आणि त्याची शक्ती जाते. पकडला गेलेला कप्पा पुन्हा त्रास न देण्याचे वचन देतो, हाड बसविण्याची विद्या शिकवितो, अशाही कथा आहेत.

कप्प्याला प्रिय असते ती काकडी. तोनो येथील डोहाकाठी आजही त्याच्यासाठी काकडी बांधलेली दिसते. काकडी आणि कोहळा ही दोन्ही फळे एकाच वनस्पतिकुळातील आहेत. दोन दूरच्या समाजांनी भीतीशी तडजोड करण्यासाठी वेलीवरचेच फळ निवडावे, हा योगायोग असला तरी गमतीचा आहे.

योकाईंना आधुनिक बालवाचकांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय चित्रकथाकार मिझुकी शिगेरू (१९२२-२०१५) यांच्याकडे जाते. साकाइमिनातो या बंदराच्या गावी एका वृद्ध बाईने त्यांना बालपणी या कथा सांगितल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावल्यानंतरही त्यांनी उजव्या हाताने योकाईंचे विश्व उभे केले. त्यांच्या ‘गेगेगे नो कितारो’ या चित्रकथेवर १९६८ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. साकाइमिनातोत १९९३ पासून एका रस्त्यावर योकाईंचे कांस्यपुतळे बसविण्यास प्रारंभ झाला आणि आज त्यांची संख्या दीडशेहून अधिक आहे.

भीती किती आणि कशी?

मराठीतही सामग्रीची वाण नाही. पिंपळावरचा मुंजा, वाट चुकविणारा चकवा, गावाची राखण करणारा वेताळ आणि कोकणातील पाण्यातला गिऱ्हा ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गिऱ्हाचे केस कापून ठेवले की तो माणसाचे काम करू लागतो, ही समजूत कप्प्याच्या जवळची आहे. दोन्ही कथा मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवण्याचे काम करीत आल्या आहेत. पंचगंगेच्या आणि रंकाळ्याच्या काठी वाढणाऱ्या मुलांसाठी हा धाक निरर्थक म्हणता येणार नाही.

तथापि, या कथा सांगताना एक सीमा पाळावी लागते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, कारण भुताच्या नावाखाली जिवंत माणसांचा छळ होत होता. हडळीच्या कथेमागे बाळंतपणात मरण पावलेली स्त्री असते. ती केवळ भेसूर रूपात रंगविली तर मुले एका दुर्दैवी स्त्रीची भीती बाळगायला शिकतात. तिच्यावर कोणता प्रसंग ओढवला, हे सांगितले तर त्यांना तिच्याविषयी कणव वाटते. कथेतील भूत आणि अंगात भूत आल्याचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मुलांना स्पष्टपणे सांगायला हवे.

दुसरे टोक म्हणजे असुराचे दात काढून त्याला खेळणे बनविणे. मुलांना भीती हवी असते. फक्त ती आपल्या माणसाच्या कुशीत बसून हवी असते. जपानच्या ओगा भागात वर्षअखेरीच्या रात्री भयंकर मुखवटे घातलेले ‘नामाहागे’ घरोघरी येऊन आळशी व रडक्या मुलांना दटावतात, तेव्हा आईवडील मुलांची बाजू घेतात. २०१८ मध्ये ही प्रथा अन्य तत्सम प्रथांसह युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाली. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आली, तेव्हाही अंधाऱ्या नाट्यगृहात मुले पालकांना बिलगून बसत आणि तिच्यावर मनापासून हसत.

स्थळापासून सुरुवात

कोल्हापुरातील पालकांना आणि शिक्षकांना यासाठी वेगळी साधने शोधण्याची गरज नाही. टेंबलाईच्या पायऱ्या, जोतिबाचा डोंगर आणि रंकाळ्याचा काठ ही स्थळे सहलीच्या अंतरावर आहेत. कथा त्या जागी सांगावी, तिची दोन रूपे माहीत असतील तर दोन्ही सांगावीत आणि असुराचे चित्र मुलांनाच काढू द्यावे. कोल्हासुर कसा दिसत असेल, हे प्रत्येक मूल वेगळे ठरवील. मात्र त्याने मरताना काय मागितले, हे सांगण्यास विसरू नये. कारण रोज शाळेच्या वहीवर पत्ता लिहिताना ते मूल त्याचेच नाव लिहीत असते.