थंडीत पुरुषांना रात्री सारखं लघवीला का उठावं लागतं? आणि सर्दीच्या गोळीचा त्याच्याशी काय संबंध?

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या सुरू होतात. त्याच दिवसांत घराघरांत आणखी एक गोष्ट घडत असते, तिची मात्र बातमी होत नाही. पन्नाशी ओलांडलेले बाबा, काका रात्री दोन-तीनदा उठून बाथरूमला जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'थंडी आहे, होतंच.' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

थंडीत शरीर उष्णता वाचवण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. त्यामुळे रक्त आतल्या अवयवांकडे जास्त जातं, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकू लागतात. घामही कमी येतो. म्हणजे लघवी वाढणं स्वाभाविक आहे, आणि ती तरुणांनाही वाढते.

मग वयस्कर पुरुषांनाच त्रास जास्त का?

कारण प्रोस्टेट. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. वयानुसार ती वाढत जाते आणि मार्ग आवळला जातो. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ दिसते. हा कॅन्सर नाही. पण धार बारीक होते, सुरुवात व्हायला वेळ लागतो, जाऊन आल्यावरही मोकळं वाटत नाही. थंडीमुळे तिथले स्नायू आणखी आवळले जातात. (मधुमेहातही रात्री सारखी लघवी होते, त्यामुळे साखर तपासणं आलंच.)

खरा धोका मेडिकलमधून न विचारता आणलेल्या सर्दीच्या गोळीत आहे. अशा अनेक गोळ्यांमध्ये फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन ही औषधं एकत्र असतात. पहिलं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी दिलं जातं, पण मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळतं. दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करू शकतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर लघवी अचानक पूर्ण तुंबू शकते. ओटीपोट फुगतं, असह्य दुखतं आणि एक थेंबही होत नाही. अशा वेळी सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं लागतं. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणीच कमी पिण्याचा उपाय बरेच जण करतात. तो चुकीचा आहे, त्याने लघवी दाट होते, जळजळ आणि बद्धकोष्ठता वाढते. पाणी दिवसा प्यावं, झोपण्याआधी दोन तास कमी करावं. संध्याकाळनंतरचा चहा आणि दारू मात्र खरंच टाळावी.

उपचार किती बदललेत?

टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या तिथले स्नायू सैल करतात. काहींना त्याने उठताना चक्कर येते, त्यामुळे पहाटे अंथरुणातून झटकन उठू नये. गोळ्यांनी भागलं नाही तर पूर्वी 'टीयूआरपी' म्हणजे दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडून काढणं हाच मुख्य पर्याय होता, आणि तो आजही वापरला जातो. आता मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेझरची 'होलेप' शस्त्रक्रिया आहे. सालीला धक्का न लावता संत्र्याचा गर सुटा करावा, तसा वाढलेला भाग अखंड सोडवतात. रेझुम पद्धतीत तर फक्त वाफ सोडली जाते, एका वेळी ९ सेकंद. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

कॅन्सरच्या तपासणीतला बदल त्याहून मोठा आहे. पीएसए ही रक्ततपासणी वाढलेली आली की धास्ती बसते, पण साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही आकडा चढतो. पूर्वी अशा वेळी थेट सुईने १०-१२ ठिकाणचे तुकडे घेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिसिजन' या ५०० पुरुषांच्या अभ्यासात आधी एमआरआय केला, तेव्हा २८ टक्के जणांना सुई टोचावीच लागली नाही. शिवाय उपचार गरजेचे असलेले कॅन्सर जास्त सापडले, ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के.

तपासणीला जाताना एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची. केस गळतात म्हणून अनेक तरुण घेतात ती फिनास्टेराइडची गोळी मोठ्या डोसमध्ये प्रोस्टेटसाठीही दिली जाते. तिने पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही, तर वाढलेला आकडाही रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसू शकतो.