चंची, चुन्याची डबी आणि दोन पुड्या

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. पान खाणाऱ्या माणसाच्या कमरेला लटकणारी कापडी चंची, हा आपला विषय. पण या चंचीपासून निघालं की आपण थेट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या एका आदेशापर्यंत पोहोचतो. वाटेत मालवण किनारा आहे, पोफळीच्या बागा आहेत, चुन्याच्या भट्ट्या आहेत आणि तोंडाचा कर्करोगही आहे. या सगळ्यांतून एकच प्रश्न आपल्याबरोबर चालणार आहे: जिन्नस वेगवेगळे ठेवायचे आणि ऐनवेळी मिसळायचे, तर ते मिसळतो कोण?

आधी वस्तू नीट बघू. चंची म्हणजे कापडाची लांबट पट्टी, तिला शिवलेले खण, आणि गुंडाळून बांधायला एक नाडी. एका खणात विड्याची पानं, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात कात, कुठे लवंग-वेलची. चुना मात्र कापडात ठेवता येत नाही, म्हणून त्याची झाकणाची धातूची डबी, म्हणजे चुनाळं, वेगळं. अडकित्ता सोबत. घरात हीच व्यवस्था पितळी पानाच्या डब्यात दिसते. मालवणीत तो ‘पानाचो डबो’. आत लहान वाट्या, वर पानांसाठी ताट. शेतावर, होडीवर, बाजाराला जाणाऱ्या माणसाची चंची आणि ओसरीवर बसणाऱ्याचा डबा, रचना एकच.

आता खण कशाला? सगळं एकत्र ठेवलं तर काय बिघडतं? बघा, पानाला ओल लागते. ते ओल्या फडक्यात राहिलं तरच टिकतं. सुपारीला ओल चालत नाही, बुरशी येते. कात ओलसर झाला की चिकट गोळा होतो. चुन्याची गोष्ट तर आणखी वेगळी. शिंपले किंवा चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, त्यात पाणी घालून तो विरवला की खायचा चुना. हा उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा खडीसारखा होत जातो, त्याचा तिखटपणा जातो. म्हणून घट्ट झाकण, आणि आत थोडं पाणी. तोच चुना पानावर लावून पान तसंच ठेवून दिलं तर पान काळवंडतं. म्हणजे चारही जिन्नस एकमेकांचे शेजारी म्हणून वाईट, पण तोंडात एकत्र आले की काम करतात.

ते काम रासायनिकच आहे. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्यामुळे सुपारीतली अरेकोलिनसारखी द्रव्यं मोकळी होतात आणि तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषली जातात. पान खाल्ल्यावर अंगात येणारी ऊब, किंचित घाम, हे त्यातूनच येतं. ओठ लाल होतात तेही सुपारीतली आणि कातातली द्रव्यं चुन्याशी भेटल्यामुळे. ही भेट आधी झाली तर वाया गेली. चंचीचे खण ही भेट पुढे ढकलतात.

हे जिन्नस कुठून येत? सिंधुदुर्गात दूर जावं लागत नव्हतं. वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग, मालवणच्या खालाट्यातल्या बागा पाहिल्या असतील तर माड आणि पोफळी एकाच पाटाच्या पाण्यावर उभ्या दिसतात, आणि पोफळीच्या खोडावर पानवेल चढवलेली. म्हणजे पान आणि सुपारी एकाच झाडाच्या उंचीत. कात खैराच्या लाकडाचा. कोकणातल्या कातकरी समाजाचं नावच कात काढण्यावरून पडलेलं. आणि चुन्याला समुद्र आहेच. खाडीतले आणि किनाऱ्यावरचे शिंपले भाजून चुना करायची कोकणातली रीत जुनी. एका विड्यात बाग, जंगल आणि समुद्र तिन्ही येतात.

पानाचा इतिहास फार मागे जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तांबूलाला स्वतंत्र प्रकरण आहे. आणखी लांब जायचं तर फिलिपीन्सच्या पलावान बेटावर दुयोंग नावाची गुहा आहे. तिथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात शिंपले सापडले, आणि त्यांत चुना होता. शिंपल्याचा चुना ठेवायला शिंपलाच! पापुआ न्यू गिनीत आजही चुना भोपळ्यात ठेवतात आणि काडीने काढतात. मलय लोकांकडे खणाखणांची पानपेटी लग्नात मानाची. चीजवस्तू वेगळ्या, पण चुन्याला स्वतंत्र घर हे सगळीकडे.

आता मिसळण्याकडे येऊ. आपल्याकडे ‘पान लावणं’ असा शब्द आहे. पाहुण्यापुढे डबा सरकवला जातो. पानाचा देठ खुडायचा, शिरा काढायच्या, बोटाने चुना फिरवायचा. तो किती फिरवायचा हे खाणाऱ्याला ठाऊक, कारण जास्त झाला तर जीभ त्याचीच भाजणार. सुपारी कातरायची ती दाताच्या ताकदीप्रमाणे. दात गेलेल्या आजीसाठी छोटा खलबत्ता. या सगळ्याला पाच मिनिटं जातात आणि त्या पाच मिनिटांत बोलणं होतं. पानसुपारी हा शब्द म्हणूनच समारंभाचा झाला.

याच्या उलट एक प्रथा आहे, आणि ती आपल्या मुद्द्याला महत्त्वाची. देवापुढे गाऱ्हाणं घालताना जो विडा ठेवतात, त्यात दोन पानं, वर सुपारी आणि नाणं. त्याला चुना लावलेला नसतो, तो मिसळलेला नसतो. दशावतारी मंडळाला नाटकाची ‘सुपारी’ द्यायची तीही अशीच, अख्खी. अखंड, न मिसळलेली सुपारी म्हणजे शब्द दिला, काम अजून व्हायचं आहे. पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगाने हाच शब्द उचलला, तो भाग वेगळा.

तंबाखू या डब्यात फार उशिरा आली. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहाला दाखवायला तंबाखू नेली होती. म्हणजे उत्तरेत ती नवलाची होती तेव्हा आदिलशाहीत ती मिळत होती, आणि दक्षिण कोकणाचा मोठा भाग त्या वेळी आदिलशाहीच्याच अमलात होता. हळूहळू चंचीत तिला स्वतःचा खण मिळाला. स्वतःचा खण असल्यामुळे एक गोष्ट शक्य राहिली: त्याच डब्यातून एक जण तंबाखू घेई, दुसरा घेत नसे. घरातल्या लहानाला लग्नकार्यात पान मिळालं तरी त्या खणाकडे हात गेला तर ओरडा बसे.

पुढे तर पान बाजूलाच राहिलं आणि तंबाखू-चुन्याची जोडी उरली. दोन तोंडांची ती पत्र्याची डबी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एका बाजूच्या झाकणाखाली तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तळहातावर मळायची, चापट मारायची, बार भरायचा. इथेही चुना तेच करतो, तंबाखूतलं निकोटिन मोकळं करतो. ही डबी म्हणजे चंचीचं सर्वांत काटकसरी रूप: दोन जिन्नस, दोन कप्पे, मिसळायला स्वतःचा हात.

यानंतरचा बदल मात्र मोठा आहे. १९७३ मध्ये कानपूरहून ‘पान पराग’ बाजारात आला. पानमसाला ही कल्पना यशस्वी व्हायची तर चंचीची अडचण सोडवावी लागत होती: एकमेकांशी न पटणारे जिन्नस एकाच डब्यात कसे टिकवायचे? उत्तर असं निघालं की ओल काढून टाका. ओल म्हणजे पान. पानच गाळलं. सुपारी सुकवून बारीक केली, कात आणि चुना कोरडा, वर सुगंध. पुढे त्यात तंबाखू घालून गुटखा आला, आणि डब्याची जागा लहान पुडीने घेतली. प्लॅस्टिक आणि धातूच्या पातळ थरांची ती पुडी बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाही. कोकणातल्या पावसाळ्यातसुद्धा माल कोरडा. जे काम आधी पाच खण करत होते, ते आता एक पदर करू लागला.

इथे मिसळणारा बदलला. मिसळणं कारखान्यात गेलं. चुना किती, सुपारी किती, तंबाखू किती, हे खाणाऱ्याच्या बोटावर राहिलं नाही. पाच मिनिटं गेली, डबा सरकवणं गेलं, ‘तुला हे नको’ म्हणणारा मोठा माणूस गेला. पुडी दात लावून फाडायची आणि तोंडात ओतायची. शाळकरी पोराच्या खिशात मावणारी आणि त्याला परवडणारी. पानाचा ओला भाग नसल्यामुळे वजनाच्या मानाने सुपारीही जास्त.

परिणाम वैद्यकशास्त्राने नोंदवले आहेत. तोंडाचं अस्तर आतून ताठ होत जातं, तोंड उघडेनासं होतं, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. या विकाराचं वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये केलं आणि १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून. तेव्हा पुडी अस्तित्वातही नव्हती, हे लक्षात ठेवू. पण पुडी आल्यावर हा विकार तरुणांत दिसू लागला, आणि पान खाणाऱ्यांपेक्षा कमी वर्षांत. आज भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे.

मग कायदा आला, आणि कायद्याचा रोख पुष्कळदा पुडीवर आणि मिश्रणावर होता. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. डिसेंबर २०१० मध्ये त्याच न्यायालयाने प्लॅस्टिकच्या पुड्यांवर १ मार्च २०११ पासून बंदी घातली. त्याच वर्षी अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत एक साधं वाक्य आलं: कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरू नये. या वाक्याच्या आधारे एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशने आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. महाराष्ट्राने पानमसालाही त्यात घेतला, आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही जोडले.

‘घटक म्हणून वापरू नये’ या शब्दांकडे नीट बघा. गुन्हा मिश्रणाचा आहे. मग मिश्रणच केलं नाही तर? जिथे बंदी फक्त तंबाखू घातलेल्या मालावर होती, अशा राज्यांत दोन पुड्या निघाल्या. एका पुडीत तंबाखू नसलेला पानमसाला, दुसरीत सुगंधित तंबाखू. टपरीवर दोन्ही शेजारी लटकलेल्या, कधी एकमेकींना जोडलेल्या. गिऱ्हाइकाने दोन्ही फाडायच्या, एकात दुसरी ओतायची, हलवायची. २३ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयासमोर हीच गोष्ट मांडली गेली होती, आणि न्यायालयाने राज्यांना बंदीची अंमलबजावणी काटेकोर करायला सांगितलं.

म्हणजे चार दशकांनी खण परत आले! आकाराने ही जोडी त्या दोन तोंडांच्या डबीसारखी, पण कारण निराळं. चंचीचे खण पान सुकू नये, चुना मरू नये म्हणून होते. या दोन पुड्यांतला माल एकत्रही टिकला असता, वर्षानुवर्षं टिकतच होता. इथला खण मालासाठी नाही, कायद्याच्या वाक्यासाठी आहे. मिसळण्याची जबाबदारी पुन्हा खाणाऱ्याच्या हातावर आली, प्रमाण मात्र कारखान्याचंच राहिलं. आपल्या भाषेत ‘चुना लावणं’ म्हणजे फसवणं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता एक सावधगिरी. हे ऐकून कुणी म्हणेल, जुनं ते सोनं, चंची निरोगी होती. तसा निष्कर्ष आम्ही काढत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचं पान कर्करोगकारक असल्याचं १९८५ मध्येच सांगितलं, आणि २००४ मध्ये तंबाखू नसलेलं पान आणि नुसती सुपारीही त्याच यादीत घातली. चंचीमुळे मिश्रण सुरक्षित होत नव्हतं. तिच्यामुळे वेळ लागत होता, प्रमाण खाणाऱ्याच्या हाती राहत होतं, आणि नको तो खण बंद ठेवता येत होता. पुडीने या तीन गोष्टी काढून घेतल्या. दोन पुड्यांनी खण परत दिले, यांतली एकही परत दिली नाही.

सिंधुदुर्गाला हा इतिहास जास्त बोचतो, कारण इथे सुपारी हे पीक आहे. पोफळीवर घर चालवणाऱ्या बागायतदाराने कुणाला फसवलेलं नाही. त्याची सुपारी लग्नाच्या तबकात जाते, देवापुढे जाते आणि कुठल्याशा कारखान्यातही जाते, आणि यांतलं काय किती हे त्याला दिसत नाही. सुपारीवर बोलताना त्याला वगळून बोलणं आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि त्याच्याकडे बघून रोगाबद्दल गप्प बसणंही.

शेवटी एक विनंती. कोकणातल्या अनेक घरांत माळ्यावर पानाचा डबा, चुनाळं, अडकित्ता पडलेला असतो. भंगारात देण्याआधी घरातल्या जुन्या माणसांना विचारा: कुठल्या खणात काय ठेवायचे, पान कोण लावायचं, तंबाखूचा खण कुणाला बंद होता. ही माहिती ग्रंथांत फारशी मिळत नाही, ती माणसांबरोबर जाते. लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ या.