ऐरणीची परीक्षा

खंडेनवमीस लोहाराच्या घरीं ऐरण पूजिली जाते. कोल्हापूरकडील जुन्या लोहार-कुटुंबांतून अशी एखादी ऐरण तीन-चार पिढ्यांनंतरही कोपऱ्यांत उभी असते. तेल, हळदकुंकू व धूर यांचीं पुटें तिच्यावर इतकीं चढलेलीं असतात कीं, ती मूळची कोठली हें घरच्यांसही सांगतां येत नाहीं. मग एके दिवशीं भंगारवाला तिला काट्यावर चढवितो, आणि पणजोबांच्या वेळेपासून घर पोसणारी वस्तु साध्या लोखंडाच्या भावानें निघून जाते. भालजी पेंढारकरांनीं १९६५ सालच्या 'साधी माणसं' या चित्रपटांत लोहार-दांपत्यास नायक-नायिकेचा मान दिला. घरच्या ऐरणीस तेवढाही मिळूं नये?

गांवच्या बलुतेदाराची ऐरण बहुधा बुटकी, चौकोनी व बिनशिंगाची. ती लांकडी ओंडक्यांत रोवून लोहार बसून काम करी. खुरपें, विळा, नांगराचा फाळ यांस ती पुरे. एका टोकास निमुळतें शिंग आणि दुसऱ्या टोकाशीं एक चौकोनी व एक वाटोळें छिद्र असेल, तर ती उभ्यानें काम करणाऱ्यासाठीं घडलेली, विलायती वळणाची समजावी. कोल्हापुरास १८९१ सालीं रेल्वे आली आणि असा जड माल येथवर आणणें सोपें झालें.

विलायती ऐरणीची जन्मपत्रिका पुष्कळदां तिच्या कुशीवरच कोरलेली असते. इंग्लंडांत डडली येथील पीटर राइट यांच्या ऐरणी नांवाजलेल्या होत्या. तारेच्या ब्रशानें पुटें काढल्यावर नांवाबरोबर तीन आंकडे दिसूं लागतात: पहिला ११२ पौंडांच्या मापाचा, दुसरा त्याच्या चौथाईचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. १·२·१० याचा अर्थ ११२, ५६ व १० मिळून १७८ पौंड, सुमारें ८१ किलो. त्यास १२१० साल समजण्याचा मोह कोणासही व्हावा!

वजनाहून महत्त्व पृष्ठभागाचें. हलक्या हातोडीनें ठोकतां घडीव ऐरण खणखणते, ओतीव लोखंडाची बद्द वाजते. मात्र ओतीव अंगावर पोलादी पृष्ठ बसविलेल्या कांहीं उत्तम ऐरणीही मुक्याच असतात. म्हणून बेअरिंगची पोलादी गोळी वीतभर उंचीवरून सोडून पाहावी. ती जोमानें उसळली तर पृष्ठ कठीण. एके ठिकाणीं मरगळली तर तेथें चीर वा नरमपणा. झिजलेल्या कडा व मध्यें आलेला खोलगटपणा हे कष्टाचे वण होत. ते यंत्रानें घासून सपाट करणें हा ऐरणीचा घातच, कारण पोलादाचा थर पातळ असतो आणि एकदां गेलेला परत येत नाहीं.

देशी ऐरणीवर बहुधा ना नांव, ना आंकडा. तिच्यापुढें कोण बसे, भाता कोण ओढी, कोणत्या गांवचे फाळ तिच्यावर शेवटले, हें घरांतील वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें लागतें.