पाड्यापाड्यापर्यंत : 'प्रथम'ची वाटचाल

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील मुलांना शिक्षण मिळावे, यासाठी १९९५ मध्ये 'प्रथम' या संस्थेचे काम सुरू झाले. डॉ. माधव चव्हाण व फरिदा लांबे यांच्या पुढाकाराला महानगरपालिका आणि युनिसेफची साथ लाभली. इमारती नव्हत्या, देवळात, मशिदीत, कोणाच्या घरात, मिळेल तिथे बालवाड्या भरल्या.

मुले शाळेत जाऊनही वाचनात मागे पडत. त्यांच्यासाठी 'बालसखी' आली. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास शिकवी. मुंबई आणि वडोदऱ्यात झालेल्या अभ्यासातून, सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच तिचा अधिक लाभ झाल्याचे दिसले.

पण कोणते मूल कुठे मागे आहे, हे शाळेच्या पटावरून कळत नव्हते. म्हणून २००५ मध्ये 'असर' हे ग्रामीण भारताचे सर्वेक्षण सुरू झाले. स्वयंसेवक आधी सरपंचांना भेटतात, मग गाव पायी फिरून ग्रामस्थांच्या मदतीने नकाशा काढतात. रस्ते, शाळा, देऊळ, ओढा आणि ओढ्यापलीकडचा पाडाही त्यावर येतो. नकाशाचे चार भाग करून प्रत्येक भागात दर पाचवे घर घेतले जाते. मूल घरी सापडावे म्हणून शक्यतो सुट्टीच्या दिवशी. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एवढीच वाचनाची चाचणी.

याच सुमारास उत्तर प्रदेशातील जौनपूरमध्ये स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालवले. आलेली मुले वाचू लागली, पण गरज असलेल्यांपैकी फार थोडी वर्गापर्यंत पोहोचली. उणीव होती ती शिकवण्यात नव्हे, पोहोचण्यात. तो धडा घेऊन पुढे शाळांबरोबरचे काम वाढले आणि २००७ मध्ये 'रीड इंडिया' मोहीम देशभर गेली. इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीवरून मुलांचे गट पाडण्याची पद्धत रुजली.

२००९ मध्ये पूर्व आफ्रिकेत 'उवेझो' हे सर्वेक्षण 'असर'च्या धर्तीवर उभे राहिले. डॉ. चव्हाण यांना २०१२ मध्ये वाइज पुरस्कार, तर 'प्रथम'च्याच रुक्मिणी बॅनर्जी यांना २०२१ मध्ये यिदान पुरस्कार मिळाला.

महामारीत शाळा बंद पडल्या आणि वाचन घसरले. 'असर'नुसार दुसरीचा पाठ वाचू शकणारी सरकारी शाळांतील तिसरीची मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये मात्र हे प्रमाण २३.४ टक्के झाले. त्या वर्षी ६०५ जिल्ह्यांतील १७,९९७ गावांत पाहणी झाली. या उभारीत सरकारी शिक्षकांचे श्रम आहेत. ती मोजता आली, ती गावोगाव पायी फिरलेल्या अध्यापक विद्यालयांच्या व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांमुळे आणि दार उघडून मुलाला पुढे बसवणाऱ्या पालकांमुळे.